पहिलाच बरा होता

नात्सुहो विचारते, मामा, दोन्हींतला चांगला कुठला?
पहिला, मी म्हणतो, विचार न करता,
रक्तगट सांगावा तसा.

पहिल्यात रस्ते आठच.
समुद्र म्हणजे निळा पुठ्ठा, हलायचा नाही.
बर्फ म्हणजे पांढरे चौकोन.
आणि बगळ्याच्या गाडीतला बगळा
सहा ठिपक्यांचा: चार अंगाचे, एक चोचीचा, एक डोळ्याचा,
तरी तो रागावलाय हे लांबून कळायचं.

दुसऱ्यात रस्ते बत्तीस. समुद्राला भरती येते,
अर्धा रस्ता गिळते, पुढच्या फेरीला परत देते.
कोल्ह्याच्या शेपटीचा केस न् केस वाऱ्यावर.
बगळा काढून टाकलाय.
का, ते पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नाही.

पहिला कुणासाठी थांबायचा नाही.
मागे पडलात तर पडलात.
दुसऱ्याच्या पोटात माया फार:
शेवटच्याला रॉकेट देतो, पाठीवर वाऱ्याची थाप देतो,
पुढच्याच्या वाटेत गोठलेली हेरिंग टाकून ठेवतो.
शर्यत आहे की अन्नछत्र,
असं आम्ही ओतारूची पोरं
काझामाच्या दुकानाबाहेर
नाकातून वाफा सोडत म्हणायचो.

इथवर सगळं खरं आहे.
आता उरलेलं.

आमच्याकडे कंट्रोलर दोन.
एकावर मिसोचं सूप सांडलं. मीच सांडलं,
जानेवारीत, रॉकेलच्या शेगडीपाशी.
तेव्हापासून त्याचं उजव्या खांद्याचं बटण
दाबलं की आतच बसायचं, लाजल्यासारखं.
ते बटण म्हणजे घसरत वळण घेणं.
ते नसेल तर उजवीकडे वळण नसतं,
भिंत असते.

मी तो पुसला, वाळवला
आणि फुमिएच्या हातात दिला.

चार हिवाळे.
ती हरायची आणि मी शिकवायचो:
हात हलका ठेव. घाई करतेस म्हणून जमत नाही तुला.
बाबा बंदरावरून यायचे, बाहीला खवले चिकटलेले,
बूट काढता काढता म्हणायचे,
दादाचं ऐक जरा.

मग दुसरा आला. नवं यंत्र, नवे दोन कंट्रोलर,
एकाच रंगाचे, एकाच प्लास्टिकच्या वासाचे.
दीपगृहाचं उजवं वळण आलं
आणि फुमिएने वेग आधीच सोडला,
कडेला दोन बोटं जागा ठेवली,
गाडी नुसत्या हिशेबावर वळवली.
बटणाशिवाय.
चार हिवाळे ती हेच करत होती,
माझ्या शेजारी बसून,
मला दिसलं नव्हतं.

नंतर तिचं बोट चुकून तिथे लागलं.
अरे, ती म्हणाली,
हे वर येतं!

पडद्यावर हॉर्न वाजत होते.
ती माझ्याकडे वळली की नाही, सांगता येत नाही,
मी समुद्र बघत होतो, हलणारा.

त्यानंतर मला तिच्या गाडीचा फक्त धूर दिसला.
खेळाने मला शेवटचा धरून रॉकेट दिलं.
मी ते घेतलं. वापरलंही.
तरी हरलो.

दुसऱ्याच दिवशी काझामाच्या दारात
सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो,
पहिलाच बरा होता.
एकोणतीस वर्षं म्हणतोय.

फुमिए आता नगरपालिकेचा बर्फाचा ट्रक चालवते,
उताराच्या गल्ल्यांत, पहाटे तीनला,
दोन्ही बाजूंना लोकांच्या भिंती,
आणि कुणाच्या कुंडीला धक्का लागल्याचं
मी ऐकलेलं नाही.

आज ती हातमोजे काढत आत आली.
खोक्यातून जुनं यंत्र निघालेलं पाहिलं.
चांगला कंट्रोलर लेकीला दिला,
दुसरा स्वतः घेतला, न बघता,
तर्जनीने बटण दाबलं.
ते आत बसलं.

मामा खरं सांगतो, ती म्हणाली,
पहिल्यात बगळा होता.