जस्ताचा हात

त्या क्रेटवर नको साहेब, खाली ॲसिडचा कॅन आहे.
इकडं स्टुलावर बसा.
अक्कलकोट रोडचं ऊन लागलं असंल, चहा सांगते.

आरशासारखं काळं ॲनोडाइझ पाहिजे म्हणता.
होणार नाही.
ओतीव माल हा, सिलिकॉन फार,
काळा मागाल तर राखेचा उतरेल,
तोही एका तुकड्यावर एक, दुसऱ्यावर एक.

पावडर कोटिंग करा की. टिकतं, स्वस्तात बसतं.
फक्त आधी एकदा कोरडाच भाजून घ्यायचा भट्टीत,
आत कोंडलेली हवा जाऊ द्यायची,
नाहीतर रंगावर देवीचे वण.

निकेल-क्रोमच हवं?
मग ऐका.
माझे वडील साखर पेठेत टॉवेलच्या सुताला रंग द्यायचे,
कोपरापर्यंत निळे.
म्हणायचे, नागमणी, सूत पितं, पिऊ दे त्याला.
हे पीत नाही.
घासा, धुवा, नायट्रिकमधून काढा,
या टाकीपासून त्या टाकीपर्यंत दोन पावलं,
तेवढ्यात हवा त्यावर साय धरते.
दिसत नाही. पण तिच्यावर चढवलेलं निकेल
नखानं सुटतं.

म्हणून जस्ताचा एक हात.
तो ॲसिडमध्ये उतरवायचा,
आणि परत एक हात.
नवी पोरं विचारतात, उतरवायचाच तर दिला कशाला?
पहिला ओळखीपुरता, म्हणते मी.
मग तांबं, निकेल, वर पापुद्र्याएवढं क्रोम,
आणि दर टाकीनंतर पाणी,
जे इथं नळाला चार दिवसांआड येतं
आणि बोअरचं घ्यावं तर डाग सोडून जातं.

गेल्या वैशाखात टँकर चुकला.
एक धुणं कमी केलं आम्ही.
कमी केलं म्हणजे मीच केलं, इराण्णा नको म्हणत होता.
शिलाई मशीनची चारशे हँडलं, लखलखत गेली
आणि महिन्यानं परत आली, फोड घेऊन.
इराण्णानं एक करवतीनं कापलं.
आत मोहरीएवढं भोक,
भोकात आमचंच ॲसिड.
बोट लावलं.
ओलं होतं अजून.

तेव्हापासून दर सांगायच्या आधी कापून बघते.
पाच तुकडे ठेवून जा,
चांगले निवडून देऊ नका, हाताला येतील ते द्या.
सोमवारी पाणी आहे,
मंगळवारी फोन करा.

चहा घ्या, साय धरली बघा त्यावर.