एकशे सत्तर चौरस फूट

शनिवारी संध्याकाळी हेमंतनं टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला,
दिवाण भिंतीला सरकवला,
आणि सुताराच्या टेपनं मोजून
आमच्या सीवूड्सच्या हॉलमध्ये
पिवळ्या चिकटपट्टीनं जहाजावरची केबिन आखली.
एकशे सत्तर चौरस फूट.
"हे बाथरूम," तो म्हणाला, "दार आत उघडतं."
बाथरूममध्ये चपलांचं कपाट येत होतं.

डबल बेड म्हणजे दोन चटया.
वरचे दोन बर्थ छतातून खाली येतात,
त्यांच्यासाठी त्यानं पंख्याकडे बोट दाखवलं.
निहारनं वर पाहिलं.
पंधरावं लागलंय, उंची पाच अकरा,
बर्थ पाच दहा.
"पाय बाहेर काढीन," म्हणाला, "ताईच्या तोंडासमोर."
जुईली बोलली नाही काही.
पट्टीच्या आत उभी राहिली, हात पसरले,
एक कपाटाला लागला, एक माझ्या खांद्याला.
"आई, कपडे कुठे बदलायचे?"

मग दोन केबिन. शेजारशेजारच्या, मधे दार.
पैसे वाढत होते, तरी हेमंत हो म्हणाला.
पण नियम असा की प्रत्येक केबिनमध्ये
एकवीस पूर्ण झालेलं एक माणूस हवं.
जुईली एकोणीसची.
गेल्या निवडणुकीत मत देऊन आली,
बोटावरची शाई आठवडाभर मिरवली,
जहाजासाठी अजून लेकरूच.
म्हणजे इकडे मी नि ती,
तिकडे बाप नि मुलगा,
आणि सहलीचं निमित्त काय,
तर आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली.
कुणीच हसलं नाही.
मग मीच हसले.

दिवाळ्याला आबांना फोन लावला.
पन्नास वर्षं खाडीत काढलेला माणूस,
जाळ्याच्या ढिगावर ताडपत्री ओढून निजलेला.
"बोटीवर निजाला पैसं?"
नंतर बराच वेळ नुसता त्यांचा श्वास,
आणि, "भरती कंच्या अंगानं येते ती बघ,
मंगच उशी ठेव."

करावे गावात भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा
दोन गाद्या जोडून चौघं आडवे झोपायचो.
निहार माझ्या पोटाशी,
जुईलीची टाच हेमंतच्या गळ्यावर,
आणि गाद्यांमधली फट कुणाच्या वाट्याला
यावरून रोज भांडण.
बहुतेकदा ती माझ्याच वाट्याला यायची.
पुढे आम्ही कर्ज काढून भिंती घेतल्या,
भिंतींना दारं,
दारांना आतून कड्या.

रात्री तालीम करायचं ठरलं.
बाप-लेक हॉलमध्ये, पट्टीच्या आत.
आम्ही दोघी बेडरूममध्ये, पट्टीशिवाय.
जुईली सहा वर्षांनी माझ्या शेजारी आडवी झाली,
भिंतीकडे तोंड करून, मोबाइलच्या उजेडात.
पाय तसेच गार, लहानपणीसारखे.
मी माझे सरकवले नाहीत.
बारा वाजता मोबाइल विझला.
"तू कुणाजवळ झोपायचीस, लग्नाआधी?"
"आईजवळ."
"कंटाळा नाही यायचा?"
"तिच्या हाताला बोंबलाचा वास यायचा," मी म्हटलं,
"साबणानं धुतला तरी."
तिनं माझा हात उचलला, नाकाशी नेला,
काही न सांगता परत ठेवून दिला.

हॉलमधून हेमंतचं घोरणं येईल म्हणून
मी वाट पाहत होते.
येत होता आवाज, पण बोलण्याचा.
शब्द लागत नव्हते.
एक जाड, एक नुकता फुटलेला, मधेच किनरा होणारा.
गेले कित्येक महिने हे दोघं
वायफाय, रिक्षाचे सुट्टे आणि मार्क,
एवढ्यावरच बोलत आलेत.
कशावर बोलत होते विचारलं नाही मी,
अजूनही नाही.

रविवारी सकाळी फॉर्म भरला. दोन केबिन.
मधलं दार हवं का, असं विचारलं होतं,
तिथे हो.
पाणी प्यायला उठलेल्या निहारनं
पट्टी ओढून काढली, गोळा केली, कचऱ्यात टाकली.

लादीवर गोंदाची रेघ राहिलीय.
रॉकेलनं पुसली, लिंबानं पुसली.
स्वयंपाकघरात जाताना
अनवाणी पाय तिथे जरासा चिकटतो,
आणि सुटतो.