खोटा ससा

बोरूच्या दोन चिरांमध्ये
फुटक्या फुग्याचं रबर ताणून बसवायचं,
वर दोऱ्याचे सात वेढे.
पुंजामामा म्हणायचा, सहा नको, आठ नको.
का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

ममदापूरच्या माळावर माघात
गवत इतकं वाळलेलं असतं
की बसण्याआधी त्याची समजूत घालावी लागते.
वारा अनकाईकडून, तोंडावर.
पाठ हिवराच्या बुंध्याला.
माझ्याकडे चार सेलांची बॅटरी,
त्याच्याकडे ठासणीची, फुटक्या दस्त्याला तांब्याची तार.
आहेरांच्या पोल्ट्रीतल्या एकोणीस कोंबड्या गेल्या होत्या.
शेपटीमागे पन्नास रुपये,
अर्धवट खाल्लेल्या कोंबड्या फुकट.

मनमाडकडे जाणाऱ्या मालगाडीचं शेवटचं चाक
ऐकू येईनासं होईतो मामा थांबायचा.
थुंकायचा.
मग बोरू ओठांत धरायचा
आणि मरायला लागायचा.

ससा जन्मभर मुका,
एकदाच बोलतो.
ते एकदाचं बोलणं मामाला तोंडपाठ होतं.
आधी पकडल्याचं, मग फाटल्याचं,
मग ते बारीक, थकलेलं,
ज्यात कुणालाच हाक नसते.
"शेवटचं हळू वाजवावं," तो सांगायचा,
"कोल्हं भुकेनं येत न्हाई रं,
आयतं मिळतंय म्हणून येतं."

बॅटरी जमिनीवर मारायची नाही,
गवताच्या शेंड्यांवरून फिरवायची.
हरणांचे डोळे हिरवे, उंचावर, घोळक्यानं.
खोकडाचे जवळजवळ, चटकन विझणारे.
कोल्ह्याचे निखारे थांबत थांबत येतात,
दर थांब्यावर एकेक शंका गिळून.
धनगरांच्या कुत्र्यांचेही तसेच दिसतात, लांबून,
म्हणून घोड्यावर बोट ठेवून मामा विचारायचा,
"चाल कशी?"
मी चाल सांगायचो.
त्या हिवाळ्यात अकरा शेपट्या झाल्या.
एकदा मी चूक सांगितली होती.
ती शेपटी आम्ही मोजली नाही.

त्या रात्री काहीच चमकलं नाही.
गवत मात्र मोडत होतं,
सरळ, न थांबता, आमच्याकडे.
कोल्हा असा येत नाही. लांडगाही नाही.
मामानं शेवटचं पुन्हा वाजवलं,
हळू, फार सुंदर,
आणि गवत पळायला लागलं.
"चाल?"
मला सांगता येईना.
"डोळेच न्हाईत," मी म्हणालो.

उजेडात आधी पाय आले,
अनवाणी, कुसळांनी भरलेले.
मग लुगड्याचा काठ.
मग काखेतलं दुपटं, नीट चौघडी केलेलं.
हौसाकाकी. राजापूरच्या वाटेवर तिची वस्ती.
संक्रांतीच्या आधी तिचं तान्हं गेलं होतं,
बावीस दिवसांचं, नाव ठेवायचं राहिलेलं.
ती आमच्याकडे बघतच नव्हती.
हिवराच्या मुळाशी, बोरीखाली,
माझ्या मांडीआड,
वाकून वाकून शोधत होती.

"कुठं ठिवलं?" ती म्हणाली.
रागानं नाही.
घरात विळा सापडत नाही
तेव्हा विचारतात तसं.

मामा बोरू तोंडातून काढायला विसरला होता.
त्याचा श्वास त्यातून जात येत राहिला,
दर श्वासाला ससा थोडा थोडा मरत राहिला,
आणि काकी दर वेळी
त्याच्या तोंडाकडे वळत राहिली.

मी बॅटरी विझवली.
तेवढंच सुचलं.

तिला मध्ये घेऊन आम्ही वस्तीकडे निघालो.
बंदूक मी धरली होती, दुपटं मामानं.
ते त्याच्याकडे कधी आलं, मी पाहिलं नाही.
तो ते खांद्यावर टाकत नव्हता,
दोन्ही हातांवर आडवं घेऊन चालत होता,
आणि बांध ओलांडताना
खाली बघून पाय टाकत होता.
मागे हिवरापाशी
उशिरा पोचलेली दोन कोल्ही
एकमेकांना काहीतरी विचारत होती.

पहाटे आहेरांच्या आणखी चार गेल्या.
त्यांना मामानं सांगितलं,
वारा फिरला होता.