हवा फुकट

रामोशी गेटपाशी गुलाब तांबोळींचं सायकलचं दुकान.
दारात टायरच्या माळेखाली एक फुटकी पाटी,
पाटीवर रोज नवं कोडं, आणि खाली कायमचं:
उत्तर बरोबर, तर हवा फुकट. चुकलं, तर चार आणे.
हवा एरवी दहा पैशांना होती,
हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पहिलं कोडं खडकवासल्याचं.
जाताना सायकल, समोरून वारा, ताशी दहा.
येताना तीच सायकल टेंपोत टाकून, ताशी तीस.
सरासरी वेग किती?
वीस, मी म्हणालो, वाचून संपायच्या आत,
चौथीच्या स्कॉलरशिपच्या तोऱ्यात.
गुलाबभाईंनी हात पुढे केला.
मग ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबत,
बुडबुड्यांकडे बघत म्हणाले,
"पंधरा किलोमीटर धर. जाताना दीड तास, येताना अर्धा.
तीस किलोमीटरला दोन तास.
हळू रस्ता जास्त वेळ सोबत राहतो, बेटा,
त्याचं वजन जास्त धरायचं."
पंधरा.
समजलं लगेच. पटायला आठवडा गेला.

एकदा होतं:
काल दुरुस्तीला एकवीस सायकली आल्या, एकवीसही पंक्चर.
तर पुण्यातल्या किती सायकली पंक्चर?
मी थांबलो. थांबायला तोवर शिकलो होतो.
तरी म्हणालो, बहुतेक सगळ्या, रस्तेच तसले आहेत.
ते हसले नाहीत. पान्यानं रस्ता दाखवला.
दोन कॅन लटकवून दूधवाला. पोस्टमन.
डबलसीट दोन पोरी, एकीच्या हातात वांग्यांची पिशवी.
"या माझ्याकडे का थांबत नाहीत, सांग."

तेवीस वर्षांनी ससूनमध्ये,
बाबांच्या उशाशी बसून मला वाटायला लागलं
की या शहरात धड छाती कुणाचीच उरली नाही.
खोकला, त्यावर खोकला, भिंतीपलीकडून त्याला उत्तर.
रात्री तीनला खिडकीशी गेलो.
खाली स्टेशनच्या दिशेनं एक माणूस
पेडलवर उभा राहून सायकल हाणत होता,
मोठ्यानं कुणाला तरी शिव्या देत, एका दमात.
तो फाटकातून आत वळला नाही.
बरं वाटलं असं नाही.
हिशोब जुळला, एवढंच.
अकरा दिवस होते ते. ताशी दहाचे.

त्यांचंही एकदा चुकलं.
विहीर दहा हात. बेडूक दिवसा तीन हात चढतो,
रात्री दोन हात घसरतो. बाहेर कधी?
"दिवसाला एक हात, म्हणजे दहा दिवस,"
आणि माझ्या आठवर चार आणे घेतले.
मी म्हणालो, आठव्या संध्याकाळी तो काठावर बसलाय,
आता घसरेल कुठून?
पाना खाली ठेवला. बोटांवर मोजलं. परत मोजलं.
गिऱ्हाईक खोळंबून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी पाटीवर कोडं नव्हतं.
कालचं उत्तर आठ. मी चुकलो.
ज्यांचे घेतले त्यांनी परत न्यावेत. गु. तांबोळी.
सकाळपासून रांग. तीत निदान चौघे तरी असे,
ज्यांनी आदल्या दिवशी पाटी पाहिलीही नव्हती.
त्यांनाही दिले.
मी कानाशी जाऊन म्हणालो, हे खोटं बोलतायत.
नाणी मोजता मोजता ते म्हणाले,
"असेल. पण तुझं उत्तरही मला काल
खोटंच वाटलं होतं."