ओले

वडगावात अजून थोड्या घरांत माग वाजतात.
द्वारकाबाई दिवट्यांचा गेल्या दसऱ्याला थांबला.
मोटर विकली, पट्टा खुंटीवर राहिला,
मागाच्या जागी काळ्या दगडाचा ओटा आला
आणि ओट्यावर काचेची शेगडी. चार वैल,
ना जाळ ना राख. लेकीनं हुबळीहून पाठवलेली.

मी गेले तेव्हा भाच्यानं सामान मांडून ठेवलं होतं:
चारच्या तारेचं पिवळं गुंडाळं,
चाळीसचा ब्रेकर.
"बत्तीसचा सारखा पडतोय म्हणे, अक्का.
मोठा घातला की कटकट नाही."

शेगडीच्या पोटाखाली एक पट्टी असते.
आधी ती वाचायची, मग माणसांचं ऐकायचं.
सात हजार दोनशे वॅट,
भागिले दोनशे तीस.
इरप्पा माझ्या आधी बोलला, "मूवत्तोंदु."
एकतीस, आणि वर थोडं.

अरे, ब्रेकर शेगडीसाठी नसतो,
तारेसाठी असतो.
शेगडी मागणारच, तिचा स्वभाव तो.
चारच्या तारेला गिलाव्याखाली
पंचविसाच्या पुढं सोसत नाही.
ती सांगत नाही. तापते.
आणि तुझा चाळीसचा राखणदार
तिचं कातडं वितळेपर्यंत
उंबऱ्यावर बसून जांभया देतो.

"दुकानदार चालतंय म्हणालाय खरं."

चालतंय.
चालतंय आणि झेपतंय यांच्या मधल्या जागेत
माझी भाकरी भाजते.

द्वारकाबाईंनी तार चिमटीत धरली,
उजेडाकडं, सूत बघतात तशी.
ऐंशीचं सूत आयुष्यभर हाताळलेली बोटं.
"आमच्यात नंबर चढला की धागा बारीक."
"आमच्यात उलटं. नंबर चढला की जाड."
"मग सहाची घाल," त्या म्हणाल्या.
"ताणा तुटला तर गाठ मारता येते.
भिंतीतला कोण शोधत बसणार?"

सहाची, लाल काळी हिरवी,
मीटरपासून ओट्यापर्यंत अकरा मीटर, मधे जोड नाही.
फ्रिजच्या तारांत कोंबली नाही, पाइप वेगळा दिला.
ब्रेकर बत्तीसचा.
हिरवी परसात नेली,
मागाच्या मोटरचं अर्थिंग अजून जिवंत होतं.
मोटर गेल्यावरही बाई त्या खड्ड्यात
रोज तांब्याभर पाणी ओतत होत्या,
का ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मंजूर भार तीन किलोवॅट, तो वाढवायला हवा.
हेस्कॉमचा अर्ज कन्नडमध्ये, इरप्पानं भरला.
बाईंनी खाली मराठीत सही केली.
खिडकीतल्या माणसानं सहीकडं बघितलं,
मग आमच्याकडं,
मग शिक्का शोधला.

शेवटी राहिली बोर्डावरची चिठ्ठी.
माझे हात सिमेंटचे.
इरप्पाला म्हटलं, शेगडी असं लिही,
बाईंना वाचता येईल असं.
शाळेतल्या हिंदीची अक्षरं आठवत,
जीभ दातांत धरून
त्यानं लिहिलं: ओले.

द्वारकाबाई दोन पावलं मागं सरल्या.
"ओले? काय ओले?"
भाच्यानं धावत जाऊन मेन पाडला.
अंधारात इरप्पा, "अल्ला री अक्का, ओली, ओली!"
"ओली? कुठं ओली?"
लिहिताना पुस्तकातलं ओले,
बोलताना घरातलं ओली,
दोन्हींनी भिंत भिजवून टाकली.
"चूल गे," मी म्हटलं, "त्यांच्यात चुलीला म्हणतात,"
आणि पुढं मलाच बोलता येईना हसून.

मेन वर केला.
चिठ्ठी बदलायला निघालेल्या इरप्पाला
बाई म्हणाल्या, "राहू दे की."

मग चारही वैल एकदम लावले,
एकावर चहा, तिघांवर नुसतं पाणी,
आणि बोर्डाकडं बघत उभे राहिलो.
पाच मिनिटं. दहा.
चहा उतू गेला तरी कुणी हललं नाही.

बाईंनी तारेच्या वाटेवर तळहात ठेवला,
मीटरपासून ओट्यापर्यंत सरकवत आणला.
भिंत गार होती.
आणि कोरडी.