दीड ओहम

तीन पेट्रोल पंपाच्या चौकात गाडी बंद पडली
की अख्खं ठाणं एकच विचारतं,
"काकू, पेट्रोल संपलं का?"
टाकी अर्धी भरलेली.
स्टँडर्ड हेराल्ड, एकोणसत्तरची, भिजल्या साबुदाण्याच्या रंगाची.
बॉनेट उघडलं की नाकाडोळ्यांसकट सगळं तोंडच पुढे कलतं,
दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखं.

दर दोन महिन्यांनी पॉइंट जळतात.
आधी निळे, मग काळे,
मग मी पॉलिश पेपर घेऊन घासत बसते,
बावीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या तपासलेल्या बोटांनी.

राबोडीचे नजीर डोंगरकर म्हणाले,
"कॉइल कुणीतरी बदललीय, बाई."
मीटरच्या दोन्ही सुया आधी एकमेकींना टेकवल्या.
शून्य पॉइंट दोन.
"हे सुयांचं स्वतःचं. वजा करायचं."
मग कॉइलला. एक पॉइंट सात.
म्हणजे दीड.
"एकटी राहायची तर तीनची लागते.
दीडची असेल तर सोबतीला अजून दीड."
जुन्या मालकाने कॉइल आणली,
सोबत आणली नाही.

मूल जन्मतं तेच कोऽहम् विचारत,
असं कीर्तनात बुवा सांगायचे.
हिची पन्नाशी उलटली, अजून विचारते आहे,
आणि उत्तर मोजायला
कुणी मीटर म्हणून लावला नव्हता.

नजीरभाईंच्या बिस्किटाच्या डब्यात रेझिस्टर होते,
पांढरे, चिनीमातीचे, उरलेल्या खडूंसारखे,
वरचे आकडे पुसलेले.
एक भरला शून्य पॉइंट आठ, दुसरा अडीच.
कमी घ्यावा तर पॉइंट पुन्हा जळणार,
जास्त घ्यावा तर ठिणगी इतकी मरतुकडी
की पेट्रोललाच तिची दया यावी.
"लावा कुठलाही, गाडी चालते,"
डब्यामागून पोरगा म्हणाला.
चालते.
ते मला माहीत होतं.

मग चेंदणी कोळीवाडा, कमळ वैती.
वागळे इस्टेटमध्ये अठरा वर्षं
याच चिनीमातीवर नायक्रोमची तार गुंडाळलेली बाई.
कंपनी बंद झाली तेव्हा शेवटचा पगार
पैशांत नाही, मालात मिळाला.
पलंगाखालून खोकं ओढलं. त्याला सुक्या बोंबलांचा वास.
चष्मा न लावता एक उचलला, नखाने टिचकी मारली,
कानाजवळ नेला.
"हा घे. तापला की थोडा वर जाईल, घाबरू नको."
मी मीटर लावला. सुयांचं वजा करून
दीड.

"कसं कळलं?"
"वेढे मोजलेत गो. झोपेत पण मोजायची मी.
हळदीकुंकवात म्हणाल्या नाव घे,
तर माझ्या तोंडून आकडाच आला."

मग माझ्याकडे रोखून पाहिलं.
"स्टार्टला वेगळी तार दिलीस का?"
नव्हती दिली. नजीरभाईही विसरले होते.
"चावी फिरवतीस तवा याला बाजूला ठेवायचा.
बॅटरीचा जीव तवा स्टार्टरनेच खाल्लेला असतो.
गाडी लागली, की मग याने मधे उभा राहायचा.
दिवसभर."

चाळीस रुपये घेतले.
वर अट घातली, की एकदा गाडीत बसव.

दोन दिवसांनी, पिवळी तार जोडून,
मासुंद्याला एक वळसा घातला.
कमळताई पुढे, पदर खोचून, खिडकीवर कोपर.
गडकरीच्या अलीकडे म्हणाल्या, थांबव.
बॉनेट कलंडलं. भेळवाल्याने लगेच विचारलं,
"पेट्रोल संपलं का?"
त्यांनी जिभेला बोट लावलं,
ओलं बोट त्या पांढऱ्या विटेला टेकवलं.
चर्रर्र.
बोट झटकलं, फुंकर घातली, हसल्या.
"तापलाय चांगला," म्हणाल्या. "चल आता."