पर

तांजुंग लुआरच्या धक्क्यावर
उजाडायच्या आत लिलाव उरकतो.
इनाक हिदायती सुरी दगडावर दोनदा ओढते,
तिसऱ्यांदा उगाच.

इनाक म्हणजे आई.
या किनाऱ्यावर बाईला लेकराच्या नावानं ओळखतात.
तिचं स्वतःचं नाव लोम्बोकभर कुणी घेत नाही,
नवराही नाही; तो तर महिन्यातले वीस दिवस
सुंबाच्या पलीकडे, व्यापाऱ्याच्या उधार डिझेलवर.

घाव चार:
पाठीचा पर, छातीचे दोन,
शेपटीचा खालचा निम्मा.
धूड इथंच संपतं. मिरची-नारळात घोळून, काडीला खोचून
शाळेबाहेर विकतात.
पर तेवढे जातात.
पत्र्यावर वाळतात, गोणीत बसतात,
सुराबायाला बोट बदलतात
आणि कुठल्याशा लग्नात
सोनेरी काठाच्या वाडग्यात तंतू-तंतू होऊन तरंगतात.

चव कशी असते, मी विचारलं.
"चव कोंबडीच्या रश्शाची," ती म्हणाली,
"व्यापारीच सांगतो. याला स्वतःची चव नाही.
दाताखाली काहीतरी लागतं फक्त."

परघर. परदेश. परस्वाधीन.
आमच्या भाषेत पर म्हणजे दुसऱ्याचं.
हे मी तिला सांगितलं नाही.

मंगळवारी कानमुशी आली.
पोट उघडलं तर आत अकरा.
डोक्याचे दोन्ही कान मागे मुडपलेले,
बाहेर येताना आईला लागू नये म्हणून.
पर मात्र पुरे, सगळेच्या सगळे,
भिजल्या कागदासारखे,
अंगाला चिकटून.

व्यापाऱ्याचा पोऱ्या, हाकी,
गंमत म्हणून चिमूटभर पर कापले, काट्यावर ठेवले.
काटा हलला नाही.
आणखी एकाचे ठेवले. आणखी.
कुणी हसत नव्हतं, तरी तो थांबेना.
अकराव्याला काटा
जरासा
सरकला.

"किती?" तिनं विचारलं. सवयीनं.
त्यानं सांगितलं.
"मग लिही की."

संध्याकाळी पायरीवर बसून
ती हिदायतीचे केस विंचरत होती.
लिंबानं घासूनही हातांचा वास जात नव्हता,
पोरीला त्याचं काही नव्हतं, ती पेरू खात होती.
वेणीसाठी इनाकनं पेड काढले, चार.
बघत राहिली.
मग सगळे सोडून दिले
आणि पुन्हा भांग पाडला.